मदत हवी आहे: संधिवात, मधुमेह आणि आता नैराश्य. आईसाठी ऑनलाइन मानसोपचार (ऐरोली)

ऐरोलीकर_८

आईचं वय ६१. ऱ्हुमॅटॉइड संधिवात बरीच वर्षं, जोडीला मधुमेह आणि रक्तदाब. चालू गोळ्या: संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २००, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ५; मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा आणि बीपीची गोळी, ज्यात हायड्रोक्लोरोथायझाइड आहे.

दोनेक महिन्यांपासून झोप तुटक, जेवण कमी, कुणाचा फोन घेत नाही. "मी तुम्हाला ओझं झाले" हे वारंवार. संधिवाताच्या डॉक्टरांनी मानसोपचार सुचवला आहे, पण गुडघ्यांमुळे दोन जिने उतरून ठाण्यापर्यंत दर आठवड्याला नेणं जमणारं नाही.

अशा रुग्णाला ऑनलाइन उपचारांचा खरंच उपयोग होतो का? मानसोपचारतज्ज्ञ गाठावा की समुपदेशक, आणि तो खरा आहे हे कसं ओळखावं? इतक्या गोळ्यांत नैराश्याची गोळी चालते का? घर वन बीएचके, एकांत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

चिकित्सक_मानस

बाकी सगळं नंतर. "ओझं झाले" हे वाक्य वारंवार येत असेल तर आज संध्याकाळीच, शेजारी बसून, सरळ विचारा: "आई, जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं, त्यातही कसं करायचं हे ठरलेलं असलं, तर ऑनलाइन भेटीची वाट बघू नका. त्यांना एकटं सोडू नका आणि जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, किंवा ११२ फिरवा. "नाही, पण कंटाळा आलाय" असं असलं तर टेलिमानसच्या १४४१६ वर फोन लावा. ही केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ पासूनची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठी निवडता येते. आधी समुपदेशक बोलतात आणि गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. उत्तर काहीही येवो, औषधांचा साठा तुमच्या ताब्यात घ्या आणि आईच्या हाताशी आठवड्यापुरता डबाच ठेवा. याचा दुसराही फायदा आहे. नैराश्यात विसरायला होतं, आणि आठवड्याची मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली गेली तर ते जिवावर बेततं.

आता पुढचं. थकवा, तुटक झोप, मंदावलेली भूक, लक्ष न लागणं ही नैराश्याची लक्षणं आहेत, आणि संधिवात-मधुमेहाचीही. म्हणून पहिल्या भेटीआधी रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइड), बी-१२, ड जीवनसत्त्व, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनी), सोडियम, सीआरपी (अंगातली सूज). मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ घटतं, त्याचा थकवा मनावर येतो. प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅला मनःस्थिती फारशी बिघडत नाही, पण मधे दुखणं वाढलं म्हणून काही दिवस डोस चढवला होता का, हे आठवून लिहा. चिडचिड आणि झोप उडणं त्यातून येतं. गोळी रात्री घेत असतील तर सकाळी नाश्त्यानंतर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद मात्र करू नका.

ॲपवर भरायला देतात ती प्रश्नावली बहुधा पीएचक्यू-९ असते. नऊ प्रश्न, एकूण २७ गुण, १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. अडचण अशी की त्यातले तीन-चार प्रश्न थकवा, झोप, भूक यांवरच आहेत, त्यामुळे संधिवाताच्या रुग्णाचे गुण शरीरामुळेच चढतात. १९८३ मध्ये रुग्णालयातल्या रुग्णांसाठी तयार झालेली हॅड्स ही प्रश्नावली शारीरिक लक्षणं बऱ्याच अंशी बाजूला ठेवते. त्यात चिंतेचे सात आणि नैराश्याचे सात प्रश्न असतात, आणि कुठल्याही भागात ८ किंवा जास्त गुण आले की लक्ष द्यायचं. समोरच्या तज्ज्ञाला या दोन्हींतला फरक माहीत आहे का, हे विचारूनच बघा. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मात्र कधीही वगळायचा नाही, तो मरणाच्या विचारांचा आहे.

कोण हवं? तुमच्या बाबतीत दोघंही हवेत, पण सुरुवात मानसोपचारतज्ज्ञाकडून. ते मानसोपचार विषयातले एमडी, डीपीएम किंवा डीएनबी असतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असतो. बोलून उपचार करण्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, सीआरआर क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. "समुपदेशक" ही पाटी कुणीही लावू शकतो. पदविका केलेले काहीजण उत्तम ऐकतात, पण मध्यम किंवा तीव्र नैराश्याचं निदान त्यांच्यावर सोपवू नये.

गोळी_आणि_गोळी

औषधांचं मी लिहिते, पण निर्णय डॉक्टरांचाच.

ही यादी एसएसआरआय (नैराश्यावर सहसा दिल्या जाणाऱ्या गोळ्या, उदा. एस्सिटॅलोप्राम) या गटातल्या गोळीसोबत तीन ठिकाणी अडते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि एस्सिटॅलोप्राम दोन्ही हृदयाच्या लयीतला क्यूटी हा काळ लांबवतात, म्हणून गोळी सुरू होण्यापूर्वी ईसीजी हवा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बंद केली तरी अंगातून जायला आठवडे लागतात, तेव्हा "दोन दिवस थांबून घेऊ" हा उपाय नाही. क्यूटीवर कमी परिणाम करणारे पर्याय आहेत, ते तज्ज्ञ निवडतील.

हायड्रोक्लोरोथायझाइड आणि एसएसआरआय मिळून साठीच्या पुढे सोडियम घसरवू शकतात, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. सामान्य पातळी १३५ ते १४५. घसरलं की गोंधळणं, तोल जाणं, मळमळ, गळून जाणं, आणि घरात सगळे म्हणतात, "नैराश्य वाढलं." म्हणून सुरुवातीला एकदा आणि गोळी सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

तिसरं सगळ्यात दुर्लक्षित. दुखलं की दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन यांसारखी गोळी, त्यात प्रेडनिसोलोन, त्यात एसएसआरआय: पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौच काळी डांबरासारखी दिसली तर तातडीने डॉक्टर. डॉक्टरांना दिलेल्या यादीत या "कधीमधी"च्या गोळ्याही लिहा, काढे आणि चूर्णंही. लोक त्या औषधांत धरतच नाहीत.

यादी एका कागदावर: नाव, मिलिग्रॅम, वेळ, कशासाठी, कुणी लिहून दिलं. तोच फोटो मानसोपचारतज्ज्ञाला आणि संधिवाताच्या डॉक्टरांनाही. ऑनलाइनमध्ये सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच, दोन डॉक्टर एकमेकांना दिसतच नाहीत.

ऐरोलीकर_८

मनापासून आभार. काल संध्याकाळी विचारलं. "तसं काही करणार नाही, पण थकले" म्हणाली. १४४१६ वर बोलणं झालं. एक शंका: एका ॲपवर दहा मिनिटांच्या ऑडिओ कॉलनंतर एस्सिटॅलोप्राम आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम लिहून आलं आहे. ईसीजी विचारला नाही. घ्यावं का?

गोळी_आणि_गोळी

नको, आधी दुसरं मत घ्या. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैराश्याची गोळी पहिल्याच ऑनलाइन भेटीत सुरू करायची तर ती भेट व्हिडिओवर हवी, नुसत्या आवाजावर नाही. अल्प्राझोलाम तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या यादीतलं औषध, ते ऑनलाइन लिहून देणं या तत्त्वांत बसतच नाही. कायदा बाजूला ठेवला तरी साठीच्या पुढे, कडक झालेल्या सांध्यांच्या बाईला रात्री ती गोळी म्हणजे बाथरूमला जाताना पडण्याचा धोका.

योग्य डॉक्टर पहिल्या भेटीत आजवरच्या आजारांची, सगळ्या गोळ्यांची, किडनी-लिव्हरची चौकशी करतात, पत्ता आणि घरातल्या एकाचा फोन नंबर लिहून घेतात, पुढची भेट दोन आठवड्यांच्या आत ठेवतात. एसएसआरआयचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण फरक सहा-आठ आठवड्यांत. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी येऊ शकते. बरं वाटलं म्हणून एकदम थांबवायची नाही.

खिडकीजवळ

घरातल्या व्यवस्थेबद्दल. वेळ सकाळी नऊची घेऊ नका. या संधिवातात सकाळचा ताठरपणा तासभर, कधी त्याहून जास्त टिकतो. अकरानंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास ठेवा. मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांना मरगळ येते, तो दिवसही टाळा. फोन हातात धरायला लावू नका, शंभर-दोनशे रुपयांचा स्टँड डोळ्यांच्या उंचीवर. पाठीला आधार असलेली खुर्ची, पायाखाली पाट. ४५ मिनिटं बसवत नसेल तर २५ मिनिटांच्या दोन भेटी मागा, बहुतेक थेरपिस्ट देतात.

एकांतासाठी बेडरूमचं दार लावा, दाराबाहेर टेबलफॅन किंवा रेडिओ चालू ठेवा, आणि माइक असलेले इअरफोन वापरा. त्याने थेरपिस्टचं बोलणं तरी बाहेर जात नाही. त्या वेळी घरातल्यांनी खाली चक्कर मारून यावी. सुनेबद्दल किंवा मुलाबद्दल बोलायचं असेल आणि तोच बाहेर बसला असेल, तर आई हवापाण्यावरच बोलत राहील. थेरपिस्टशी एक वाक्य आधीच ठरवा, म्हणजे "दूधवाला आला वाटतं" म्हटलं की कुणीतरी आत आलंय हे त्यांना कळेल. व्हिडिओ तुटला तर कोण कुणाला फोन करणार, हेही पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

चिकित्सक_मानस

उपयोग होतो का, हा तुमचा मूळ प्रश्न राहूनच गेला. होतो, त्यातही व्हिडिओवर थेरपिस्ट स्वतः बोलतो अशा भेटींचा जास्त. नुसतं ॲपमधले धडे वाचायला दिले तर लोक मधेच सोडतात. सीबीटीच्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीच्या) साधारण आठ ते बारा भेटी धरून चला. दीर्घ दुखण्यात त्यातलं सगळ्यात उपयोगाचं म्हणजे काम थोडं थोडं वाटून करणं. बरं वाटलं त्या दिवशी आई भांडी, कपाट, पापड सगळं एकदम करणार आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. त्यातून "माझ्याच्यानं काही होत नाही" पक्कं होतं. थेरपिस्ट आठवड्याची नोंद करवतात, मग वीस मिनिटं काम, दहा विश्रांती, दुखो न दुखो तेवढंच. त्यात रोज एक आवडीची गोष्टही लिहून टाकलेली असते. चौथ्या भेटीपर्यंत अशी नोंदवही निघाली नाही आणि नुसत्या गप्पाच चालल्या असतील, तर थेरपिस्ट बदला.

प्रत्यक्ष न्यावं लागलं तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुम्हाला जवळ. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे; नावाला घाबरू नका, तिथे रोज घरी राहणारेच रुग्ण येतात. मराठीतून थेरपीसाठी ठाण्यातलीच १९९० पासूनची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था, तिथे ऑनलाइन भेटीची चौकशी करा. विम्याचं: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला लावले आहेत, पण ते मुख्यतः दाखल होण्यापुरतं. भेटींची फी हवी तर पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का बघा.

ऐरोलीकर_८

ईसीजी आणि रक्त दोन्ही परवा, घरी येऊन घेणार आहेत. गुरुवारी व्हिडिओवर मानसोपचारतज्ज्ञ. सोडियम पुन्हा करायचं तेव्हा वेगळं बोलवावं लागेल का?

गोळी_आणि_गोळी

नाही. मेथोट्रेक्सेटसाठी रक्तपेशी आणि लिव्हरची तपासणी ठरावीक काळाने होतच असते. गोळी सुरू झाल्याची तारीख लॅबला सांगा, तो नमुना त्या दिवसापासून चौदाव्या दिवसाच्या आसपास ठेवायला सांगा आणि त्यातच सोडियम लिहून घ्या. एकाच टोचणीत होईल. अहवाल दोन्ही डॉक्टरांना पाठवा.