सीपीआरचं मशीन घ्यावं का? माझं मत: आधी हात तयार करा

सक्करदऱ्याची सिस्टर
आमच्या कॅज्युअल्टीत सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती दाबत राहण्याचं, मशीन घ्यायचं घाटतंय. पाठीखाली पाट, वर कमान आणि कमानीतून खाली येणारा दट्ट्या. मिनिटाला शंभरावर दाब, प्रत्येक वेळी छाती ५ सेंमीच्या थोडी वर खाली जाते, आणि ते दमत नाही. डेमो बघून सगळे खूश झाले. मला मात्र ते पटलेलं नाही.

मे महिन्यातली रात्र. रिक्षातून एक काका आले, नाडी नाही. पहिले दाब कोणी दिले? वॉर्डातल्या मामांनी. जीव तोडून दाबत होते, पण कोपरं वाकलेली, पलंग उंच, पायाखाली स्टूल नाही. खाली गादी दबत होती, छाती नाही. मी स्टूल सरकवलं, पाठीखाली फळी घातली, "मामा, हात सरळ, खांद्यातून जोर" म्हटलं, तेव्हा कुठे मांडीत नाडी लागायला लागली. मशीन कपाटात असतं तरी ती पहिली दोन मिनिटं मामांच्याच हातात होती. त्या हातांना आजवर कुणी शिकवलेलं नाही, आणि खर्च मात्र मशीनवर करायचा?

शिवाय फायदा सिद्ध कुठे झालाय? इंग्लंड-वेल्समध्ये अ‍ॅम्ब्युलन्सच्या ४,४७१ पेशंटवर अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. तीस दिवसांनी जिवंत राहिलेले मशीनच्या गटात ६ टक्के, हातांच्या गटात ७ टक्के.

गाडीवरचा डॉक्टर
सिस्टर, आकडे बरोबर आहेत, पण ते हात कोणाचे होते तेही बघा. शिकलेले पॅरामेडिक, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सवरचे तयार कर्मचारी, आणि पाळी बदलायला माणसं. आमच्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी आणि ड्रायव्हर भाऊ. ते गाडी चालवणार. दर दोन मिनिटांनी हात बदलायचे म्हणतात, मी कोणाशी बदलू?

उमरेड रोडवरून पेशंट आणताना एका हाताने वरचा दांडा धरून दुसऱ्या हाताने छाती दाबली आहे मी. त्याला सीपीआर म्हणायला मला लाज वाटते. ब्रेक लागला की मी पेशंटच्या अंगावर. पट्टा लावून बसलो तर हात पोचत नाही. धावत्या गाडीसाठी मशीन हवंच. अमेरिकन हार्ट असोसिएशनसुद्धा सरसकट वापरू नका म्हणते, पण जिथे हाताने दाबणं अवघड किंवा दाबणाऱ्याच्या जिवाला धोक्याचं, तिथे वापरायला तिची ना नाही.

सक्करदऱ्याची सिस्टर
डॉक्टरसाहेब, पण नाडी नसलेला पेशंट घेऊन पळायचंच कशाला? जागेवर दाबा, जागेवर शॉक द्या, हृदय चालू झालं की निघा. मशीन आलं की "टाका गाडीत, मशीन दाबेल" असं होणार, ही माझी खरी भीती आहे. आणि ते बसवताना जो वेळ जातो त्याचं काय? दाब दहा सेकंदांच्या वर थांबायला नकोत. डेमोत पाट सरकवून, कमान अडकवून, दट्ट्याच्या टोकाचा कप छातीवर जागेवर आणेपर्यंत मी मनात मोजत होते. पस्तिसावर पोचले. कप खाली सरकला तर दाब यकृतावर. म्हणून कपाभोवती पेनाने खूण करायची असते. डेमोत ती कोणी केली नाही.

धंतोली कॅथलॅब
आमच्याकडे, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले ब्लॉक एक्स-रेवर बघून उघडतात तिथे, प्रश्नच वेगळा. टेबलावर हृदय बंद पडलं की एक्स-रे चालू असताना दाबणाऱ्याचे हात चित्रात येतात आणि किरणंही त्यांनाच लागतात. मशीन दाबत असताना डॉक्टर ब्लॉक उघडू शकतात. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी असली तर ती विरघळवायचं औषध दिल्यावर ६० ते ९० मिनिटं दाब चालू ठेवायला सांगतात. एवढा वेळ कोण दाबणार? कॅथलॅबला मशीन द्या, कॅज्युअल्टीचं तुम्ही ठरवा.

महालातला
मी डॉक्टर नाही. महाल भागातला आमचा वाडा जुना, जिना अरुंद, वळणाचा. बाबांना चादरीत धरून खाली आणलं. चौघे धरायला, दाबायला जागाच नाही. वरून खाली येईस्तोवर त्यांच्या छातीवर कोणाचाच हात नव्हता. त्याआधी घरातही नव्हता, कारण आम्हाला माहीतच नव्हतं. मशीन असतं तर जिन्यात चाललं असतं का, एवढंच विचारायचं आहे.

गाडीवरचा डॉक्टर
भाऊ, चाललं असतं. पट्ट्यांनी बांधून उतरवता येतं, दाब चालू राहतात. अशा जिन्यासाठीच मी भांडतो आहे.

सक्करदऱ्याची सिस्टर
दादा, वाचून पोटात तुटलं. जिन्याचं मी मान्य करते, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण दाब मिळाले नाहीत तर दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि गाडी दारात येण्याआधीची मिनिटं घरच्यांचीच असतात. तुमच्या घरात कोणी शिकवायला आलं नाही, हे आमचं चुकलं.

मशीन घ्यायचंच असेल तर माझी अट एकच. दोन टप्प्यांत बसवायचं: दाब चालू ठेवून आधी पाट, पुढच्या पाळीला कमान. प्रत्येक थांबा दहा सेकंदांच्या आत, घड्याळ लावून. जमत नाही तोवर पेशंटवर नाही.

सोमवारी दुपारच्या ड्युटीनंतर मामा-मावशींची पहिली बॅच घेते आहे. सरावाचा पुतळा एकच आहे.

गाडीवरचा डॉक्टर
मी येतो, ड्रायव्हर भाऊंनाही आणतो. पण गाडीसाठी मशीनची मागणी मी सोडणार नाही, सिस्टर.

महालातला
बाहेरच्या माणसाला येता येईल का?

सक्करदऱ्याची सिस्टर
या. वहिनींनाही आणा.