कानात सध्या काय चालू आहे? पॉडकास्टचे अनुभव आणि शिफारशी

लोकलवाली
काल पावसाळी पर्स धुवायला काढली तर आतल्या कप्प्यात जुना वायरवाला इयरफोन. उजवा कान मेलेला, डाव्याचं रबर गायब. आणि एकदम २०१४ आठवलं.

तेव्हा 'सिरियल' नावाचं पॉडकास्ट चालू होतं, अमेरिकन पत्रकार सारा कोनिगचं. बाल्टिमोरमधली १९९९ ची खुनाची केस, शाळेतली मुलगी आणि त्यात जन्मठेप झालेला तिचा आधीचा बॉयफ्रेंड अदनान सय्यद. दर गुरुवारी एक भाग, एकूण १२. मी शुक्रवारी संध्याकाळी लेडीज डब्यात ऐकायचे. घाटकोपरला एक बाई चढायच्या, मांडीवर कायम मेथी नाहीतर गवार. एकदा खुणेनेच विचारलं काय ऐकतेस एवढं, मी डावा कान त्यांना दिला. भरभर इंग्रजी त्यांना झेपेना, मग मी पॉज करून मराठीत सांगायचे, मुलुंड ते डोंबिवली अख्खी सीट ऐकायची आणि मेथीच्या काड्या खाली.

शेवटचा भाग झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "मग, केला का खून त्याने?" म्हटलं ते नाही सांगितलं, सारालाही नक्की कळलेलं नाही. तर म्हणे, "मग तीन महिने काय ऐकवलंस गं मला!"

जानेवारीत माझं ऑफिस बदललं. ना नाव माहीत ना नंबर. २०२२ मध्ये अदनान २३ वर्षांनी तुरुंगातून बाहेर आला ना, बातमी वाचून पहिल्या त्याच आठवल्या.

असो. तुम्ही काय ऐकता, कुठे ऐकता लिहा. खून नसलेलं चालेल, सध्या मला झोप हवीये.

निशाचर
झोप हवी तर 'नथिंग मच हॅपन्स'. खरंच काही होत नाही त्यात. एक बाई हळू आवाजात गोष्ट सांगते, दुकान उघडलं, मांजर आली, चहा केला, संपलं. मग तीच गोष्ट परत, अजून हळू. चार महिने ऐकतेय, एकाही गोष्टीचा शेवट माहीत नाही. पहिल्या रात्री नवरा दचकून उठला, खोलीत कोण बाई बोलतीये म्हणून.

गोडांबा
माझ्या नवऱ्याच्या घोरण्याचंच पॉडकास्ट काढावं म्हणते. रोज नवीन भाग, जाहिराती नाहीत.

द्राक्षवाला
तासगाव भाग. आमच्याकडं ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात तिथं, पेस्ट लावायची असती. हातात रबरी मोजे, ते पेस्टनं बरबटलेले, खिशातल्या फोनला हात लावायची सोय नाही, त्यामुळं जे लागलंय ते लागलंय. त्या नादात अमित वर्माचं 'द सीन अँड द अनसीन' सुरू झालं, इंग्रजी, पाहुण्याशी गप्पा, एकेक भाग चार-पाच तासांचा. निम्मी बाग उरकली तरी पाहुणा अजून कॉलेजातच! पण सवय लागली बघा, शेतीमालाच्या बाजाराबद्दल इतकं निवांत कुणी बोलत नाही. हिंदीत 'पुलियाबाज़ी' ऐका, तेही धोरणांवरच आहे पण कट्ट्यावर बसल्यासारखं. मराठीत थिंक बँक. एकदा स्पीकरवर लावलं तर कामाच्या बायका म्हणाल्या दादा ते बंद करा आणि गाणी लावा, डोस्कं उठलं.

फक्त_वाचनमात्र
तासगाव का? आमच्याकडे बेदाणा तिकडूनच येतो. यंदा काय भाव?

द्राक्षवाला
भावाचं तेवढं विचारू नका.

आजोबा_७३
नमस्कार. पॉडकास्ट म्हणजे रेडिओच ना? मग आम्ही जन्मापासून ऐकतो आहोत. मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' लागायचे, त्यातले टेकाडे भावजी आमच्या घरी येऊन गेल्यासारखे वाटत. त्याआधी १९५५ साली पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले, दर आठवड्याला एक नवे गाणे, एकूण ५६. मी तेव्हा तीन वर्षांचा, मला काय आठवणार, पण वडील सांगत की शेजाऱ्यांकडे रेडिओ होता आणि त्या वेळी त्यांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. एखादी ओळ चुकली की चुकली, मागे कुठून जाणार. नातवाने आता फोनमध्ये ॲप घालून दिले आहे, त्यात १५ सेकंद मागे जायचे बटण आहे ते मला फार आवडले. सौ. मध्येच बोलली की मागे जातो.

निशाचर
काका 😂 काकूंनी हा धागा वाचला तर?

आजोबा_७३
तिनेच टाईप करून दिले आहे. मला जोडाक्षरे जमत नाहीत.

वायफाय_बाबा
काका, रेडिओ त्याच्या वेळेला लागतो, पॉडकास्ट आपल्या वेळेला, एवढाच फरक. नवा भाग आला की फीडमधून आपोआप फोनमध्ये उतरतो, घरी वायफायवर डाउनलोड करून ठेवायचा मग प्रवासात नेट लागत नाही. नाव आयपॉड आणि ब्रॉडकास्ट मिळून झालंय, २००४ मध्ये गार्डियनमधल्या एका लेखात पहिल्यांदा आलं. आयपॉड बंद पडला, नाव राहिलं. आणि सगळ्यांना फुकट सल्ला, आपल्या यादीची ओपीएमएल फाईल काढून ठेवा, ती दुसऱ्या ॲपमध्ये टाकली की सगळी यादी परत मिळते. माझं ॲप एक दिवस बंदच झालं, दोनशे पॉडकास्ट गेली, निम्म्यांची नावंही आठवेनात, म्हणजे तशी ऐकतही नव्हतो म्हणा.

बोंबील_फ्राय
मला एक सांगा, हल्ली दोन सोफे, मध्ये कुंडी, तोंडासमोर दुधीएवढा माईक, याला पॉडकास्ट का म्हणतात? मुलाखत म्हणा की सरळ.

गोडांबा
म्हणू दे की. मी 'अमुक तमुक' हे मराठी पॉडकास्ट भांडी घासताना ऐकते, फोन फ्रीजवर उलटा ठेवून, कुंडी कोण बघतंय. सासूबाईंना कलाकारांच्या मुलाखतींचं 'दिल के करीब' लावून दिलंय लॉकडाउनपासून, आता कलाकारांबद्दल माहेरच्यांसारखं बोलतात. परवा भाजीवाल्याला सांगत होत्या, फार सोसलंय हो तिने. तो बिचारा म्हणे, कोणी?

बर्फातला_पुणेकर
टोरांटो. पहाटे ड्राइव्हवेवरचा बर्फ ढकलताना माइक डंकनचं 'द हिस्टरी ऑफ रोम'. २००७ ते २०१२, पावणेदोनशेच्या वर भाग. सुरुवातीचे भाग डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटतात, सोडू नका, पुढे सुधारतो. माझे दोन हिवाळे गेले रोम पडायला. नंतर 'एम्पायर' धरलं, विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद, सुरुवातच ईस्ट इंडिया कंपनीपासून. शेजारचा गोरा हात हलवून हाय म्हणतो तेव्हा नेमकी लूट चाललेली असते, मग नीट हसता येत नाही.

बोंबील_फ्राय
तू दीडपट वेगाने ऐकलं असतंस तर रोम एका हिवाळ्यात पडलं असतं.

बर्फातला_पुणेकर
बर्फ पण दीडपट वेगाने ढकलावा लागला असता मग.

अबोली
'थर्टीन मिनिट्स टू द मून'. बीबीसीचं, २०१९. अपोलो ११ चंद्रावर उतरतानाची शेवटची तेरा मिनिटं, त्यावर अख्खा सीझन. पप्पांची बायपास होती त्या दिवशी. सकाळी आठला आत नेलं, म्हणाले चार तास, दुपारचे दोन झाले तरी कोणी बाहेर येईना. भाऊ येरझाऱ्या घालत होता, आई जप. मी कानात हे घालून बसले, दुसरं काही सुचलंच नाही. त्यात ते यान खाली येतंय आणि कॉम्प्युटर १२०२ असा अलार्म देतोय, वर बसलेल्यांना माहीत नाही म्हणजे काय ते. खाली कंट्रोल रूममध्ये निर्णय कोणाकडे तर २६ वर्षांच्या पोराकडे. तो म्हणतो गो. मग इंधन संपत येतं आणि एक माणूस अगदी शांतपणे फक्त सेकंद सांगतो, साठ सेकंद, तीस सेकंद. मला माहितीये हो उतरले ते, जगाला माहितीये, तरी माझे हात गार पडले होते. उतरल्यावर मी मोठ्याने हुश्श केलं तर शेजारच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

पप्पा बरे आहेत. रोज चार किलोमीटर चालतात आणि पथ्यावरून भांडतात.

निशाचर
अगं हात गार माझे पडले वाचताना. पप्पांना नमस्कार सांग.

गोडांबा
डॉक्टर सांगतात ती वेळ खरी असते का कधी! आमच्या वेळी पण दोन तास म्हणून सहा लागले होते. सोड, नको तो विषय.

सावंतवाडीकर
मी ऐकत नाही फारसं पण एक काढलं होतं. २०२१, आजीच्या मालवणी गोष्टी. स्टुडिओ म्हणजे माजघर, पंखा बंद, दोघींच्या डोक्यावरून गोधडी ओढलेली म्हणजे आवाज घुमत नाही. आत दोन मिनिटांत घाम. आजी म्हणायची, "कोण ऐकतलो ह्यां?" बरोबर होतं तिचं, १४ जण ऐकायचे, त्यातले ११ आमचेच. एका भागात कुकरची शिट्टी आहे, तिथे गोष्ट थांबवून ती म्हणते "किती झाले गो?" ते मी ठेवलं. खोकला मात्र कापला. तिला दमा होता, दर वाक्याला खोकायची, मी रात्र रात्र ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरवर बसून एकेक खोकला काढला, फार अभिमान होता मला की बघा किती स्वच्छ आवाज केलाय. चार भाग झाले. पाचव्याआधी गेली. मूळ फाईली मी फोनची मेमरी भरली म्हणून उडवल्या होत्या. आता ते भाग लावते तर आजी आहे पण ती आजीसारखी वाटतच नाही.

अबोली
🫂

वायफाय_बाबा
व्हॉट्सॅपवर जुन्या व्हॉइस नोट्स असतील बघ तिच्या. बॅकअपमध्ये शोध. तिथे कोणी एडिट करत नाही.

सावंतवाडीकर
बघते. फोन दोनदा बदललाय मध्ये. आईच्या फोनवर असतील कदाचित.

आजोबा_७३
ते चार भाग कुठे ऐकता येतील? आमची सौ. वेंगुर्ल्याची आहे.

सावंतवाडीकर
पाठवते काका विपूतून, म्हणजे इथल्या मेसेजमधून. काकूंना सांगा शिट्टी तिसऱ्या भागात आहे.

लोकलवाली
सगळं वाचतेय, उत्तर द्यायला जमलं नाही, पोळ्या चालू होत्या. सावंतवाडीकर मला पण पाठव. अबोली, तुझं आज रात्री लावणार होते पण त्यावर झोप कशी येईल. आणि हे इयरफोनचं रबर सुटं मिळतं का कुठे?

बोंबील_फ्राय
दादर स्टेशनबाहेर, पुलाच्या पायऱ्यांशी. पण उजवा कान मेलाय ना त्याचा, रबर घालून काय करणार?

लोकलवाली
असू दे रे. डावा चालतोय, रात्री लावून बघितला.

फक्त_वाचनमात्र
ते बेदाण्याचं राहिलंच पण. किलोमागे अंदाजे तरी सांगा, दिवाळीचं सामान भरायचंय.