अनुभव धागा: नेट, फायरवॉल आणि घरातली भांडणं

चौथा दिवा
काल माळा आवरताना जुना एडीएसएल मोडेम सापडला. पाठीवर बाबांच्या अक्षरात चिकटवलेला कागद: 'चार दिवे = नेट. तीन दिवे = थांबणे. फोन करू नये.' बसलेच तिथे पाच मिनिटं.

जुलै २००८. घरी विंडोज एक्सपी. एका सकाळी चारही दिवे हिरवेगार, पण एक साइट उघडेल तर शपथ. कस्टमर केअरला तीन फोन, तिन्ही वेळा 'मॅडम, मोडेम बंद करून चालू करा'. भावाने ४.२.२.२ या आकडी पत्त्याला पिंग मारलं (समोरून उत्तर येतं का बघायची हाक) तर उत्तर येतंय! साइटच्या नावाने मारलं की ढिम्म. शेवटी वैतागून त्याने कॉम्प्युटरवर टाकलेली फुकटातली फायरवॉल (नेटवरच्या ये-जा वर पहारा ठेवणारा प्रोग्राम) बंद केली, आणि पान धाडकन उघडलं.

नंतर कळलं की डॅन कामिन्स्की या सुरक्षा संशोधकाने डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी यंत्रणा) मोठं भोक शोधलं होतं आणि ८ जुलैला बऱ्याच कंपन्यांनी मिळून त्याला ठिगळ लावलं. त्या अपडेटनंतर कॉम्प्युटर साइटचा पत्ता विचारायला दर वेळी वेगळ्याच पोर्टमधून, म्हणजे वेगळ्याच दारातून, जायला लागला. आमच्या फायरवॉलने त्याला चोर समजून दारातच अडवलं. तिची सुरक्षेची पट्टी 'हाय'वरून 'मीडियम'ला आणली, भागलं.

बाबा मात्र शेवटपर्यंत सांगत, 'मी फुंकर मारली म्हणून चालू झालं.'

तुमचेही किस्से येऊ द्या.

तीन शिट्ट्या
फुंकर हाहाहा. आमच्याकडे थाप मारायचे, टीव्हीसारखी. माझा किस्सा मोठाय, मावशी भांडी घासायला आल्यात, दुपारी लिहिते

रात्रपाळी
तुमच्याकडे रात्री दोन ते आठ फुकटवाला प्लॅन होता का? मी दोनचा गजर लावून उठायचो. आईला वाटायचं पोरगं अभ्यासाला उठतंय, बिचारी चहा ठेवायची.

चौथा दिवा
@रात्रपाळी तोच प्लॅन! आणि आठला पाच कमी असताना डाउनलोड ९७ टक्क्यांवर.

जुना खिळा
दोन फायरवॉल म्हणजे एका ओट्यावर दोन जावा. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून (२००४) विंडोजची स्वतःची आपोआप चालूच असते, त्यावर आपण दुसरी आणून बसवतो.
मागच्या वर्षी मुदत संपलेला अँटिव्हायरस काढला. वायफाय जोडलेलं दिसतंय, नेट नाही. मोबाइलवर मात्र मस्त, म्हणजे राउटर निर्दोष. अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलो तर त्या अँटिव्हायरसचा फिल्टर टिक लावून तसाच बसलेला. माणूस गेला, चपला दारातच. टिक काढली, 'नेटश विनसॉक रीसेट' ही नेटची सेटिंग मूळपदावर आणणारी कमांड दिली, रीस्टार्ट. तीन तास गेले यात, बायकोची मीटिंग बुडाली ती वेगळीच.

सायलीचीआई
@जुना खिळा जावांना का मध्ये आणता हो, आमचं छान जमतं

जुना खिळा
माफी असावी वहिनी, व्याही म्हणतो.

पावसाळी
आमचा प्रिंटर रुसला होता. नवा राउटर आला तेव्हा लॅपटॉपने विचारलं नेटवर्क पब्लिक की प्रायव्हेट, सासऱ्यांनी पब्लिक दाबलं. 'आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?' पब्लिक म्हटलं की फायरवॉल घरातल्यांनाही ओळख दाखवत नाही. आठवडाभर झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह घेऊन फेऱ्या.

रात्रपाळी
सासऱ्यांना दंडवत

कोकणी माणूस
आमच्याकडे फायरवॉल वगैरे काही नाही, उंदीर आहेत. रत्नागिरीजवळ गाव. फायबर दोनदा कुरतडली. लाल दिवा लागला की आधी माळ्यावर बॅटरी घेऊन चढायचं.

सायलीचीआई
@कोकणी माणूस केबल लोखंडी पाइपातून घ्या. डांबरगोळ्यांचा काही उपयोग नाही, करून बघितलंय

कोकणी माणूस
पिंजरा लावलाय, खोबरं ठेवलं होतं. खोबरं गेलं, उंदीर नाही आला.

पावसाळी
खोबरं नको, भजी लावा. कांद्याची.