मॅकिन्लीचं उदाहरण

काही जण म्हणतात की सैनिक वकील होऊन राजकारणात आला की मतं वर्दीलाच पडतात. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या विल्यम मॅकिन्लींची सुरुवात बघा, मग मला हे पटत नाही.

१८६१ मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटल्यावर, अठराव्या वर्षी ते ओहायो राज्याच्या २३व्या पलटणीत साधे शिपाई म्हणून भरती झाले. पुढच्या वर्षी अँटिएटमच्या लढाईत ते रसदीचे सार्जंट होते. सकाळपासून उपाशी लढणाऱ्या पलटणीसाठी त्यांनी भर गोळीबारात गाडी हाकत गरम कॉफी आणि जेवण थेट आघाडीवर नेलं. युद्ध संपताना ते मेजर होते.

नंतर कायदा शिकून कँटन गावी वकिली. १८६९ मध्ये स्टार्क काउंटीचे सरकारी वकील म्हणून निवडून आले, १८७१ मध्ये पडले. मेजरकी तेव्हाही होतीच की!

मला खरं मोठं वाटतं ते १८७६ चं प्रकरण. कोळसा खाणीतल्या संपात हाणामारी झाली, कामगारांवर खटले भरले. संप मोडायला सैन्य धाडणारे ओहायोचे गव्हर्नर हेझ म्हणजे मॅकिन्लींचे युद्धातले वरिष्ठ. तरी मॅकिन्लींनी कामगारांचं वकीलपत्र घेतलं. एक सोडून सगळे सुटले, आणि कामगारांनी वर्गणी काढून जमवलेली फी त्यांनी नाकारली. त्याच वर्षी ते काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. त्या खाणमालकांपैकी एक मार्क हॅना. पुढे १८९६ मध्ये मॅकिन्लींना अध्यक्षपदी बसवण्यासाठी सगळ्यात जास्त झटले ते हेच.