मदत हवी आहे: माजी सैनिक उमेदवार, बॅनरवर वर्दीतला फोटो चालतो का?

माझे मामा आर्मीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, 2027 च्या विधानसभेला गोव्यातल्या डिचोलीतून अपक्ष उभे राहतायत. कागदपत्रांचं बघून झालंय, म्हणजे 10 सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार) त्याच मतदारसंघातले लागतात, 10 हजार डिपॉझिट, फॉर्म 26 चं (गुन्हे, मालमत्ता वगैरे माहितीचं) अ‍ॅफिडेव्हिट. आधी सर्व्हिस व्होटर (सैन्यात असतानाचे मतदार) म्हणून नाव होतं, ते आता गावच्या साध्या यादीत आलंय. पेन्शनमुळे अडचण नाही हेही वकिलाला विचारून घेतलं.

अडलंय ते फोटोवर. निवडणूक आयोगाने 2013 मध्ये पक्षांना आणि उमेदवारांना सांगितलेलं की प्रचारात सैन्यदलातल्या लोकांचे फोटो वापरू नका, 2019 ला परत तेच सांगितलं. ते पत्र मी वाचलं, पण त्यात सगळा रोख सेवेतल्या जवानांवर वाटतो, उमेदवार स्वतःच माजी सैनिक असला तर काय ते मला त्यातून कळलं नाही. तालुक्याच्या ऑफिसात दोनदा जाऊन आलो, दोघांनी दोन उत्तरं दिली.

मामांचं म्हणणं नियम मोडून एक मतही नको, आणि मला ते पटतं. कोणी माजी सैनिकाच्या प्रचारात काम केलंय किंवा निवडणूक ड्युटी केलीय का? स्वतःचा जुना वर्दीतला, मेडल लावलेला फोटो पत्रकावर छापता येतो का, आणि लेखी परवानगी नेमकी कोणाकडे मागायची?