एनएफएलवाले कॉलेजची पोरं पारखतात कशी? आमच्या कबड्डी निवडीसाठी विचारतोय

अमळनेरचे_सर
बठ्ठासले राम राम. मी खेळशिक्षक, १४ वर्षांपासून कबड्डीचा संघ निवडतो. आखाजीला भाचा आलाय, त्याला अमेरिकन फुटबॉलचं, म्हणजे तिथल्या एनएफएल या व्यावसायिक लीगचं वेड. परवा पहाटे साडेपाचला त्याच्यासोबत ड्राफ्टची पहिली फेरी बघितली. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि कॉलेजच्या पोरांना एकेक करून उचलतात. हा पहिला आणि तो दोनशेवा, हे कशावरून ठरतं?

विचारायचं कारण सांगतो. मागच्या साली निवडचाचणीत सगळ्या पोरांना १०० मीटर पळवलं. एक पोरगा शेवटून दुसरा आला, मी त्याला वगळलं. महिन्याभराने गावच्या यात्रेत त्याचा सामना बघितला. चढाईत डाव्या कोपऱ्याने घोटा धरलाच होता. पोरगा ओढाताण न करता त्याच्यावरच पडला, अंग लांबवलं आणि दोन बोटं मध्यरेषेवर टेकवली. दम शेवटपर्यंत चालू. त्या रात्री झोप लागली नाही.

भुसावळ_रातपाळी
सर, तुमची चाचणी पहिली होती, त्यांच्याकडे ती बरीच मागून येते. संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, आदल्या हंगामापासून कॉलेज-कॉलेज फिरतात, सराव बघतात, प्रशिक्षकांना भेटतात, आणि मुख्य म्हणजे सामन्यांचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा लावून बघतात. वर्षाच्या सुरुवातीला अलाबामातल्या मोबाइल शहरात सीनियर बाऊल हा कॉलेजच्या पोरांचा सामना होतो. तिथे निवडक पोरं आठवडाभर एकमेकांसमोर सराव करतात. लहान कॉलेजचा पोरगा मोठ्या कॉलेजवाल्यासमोर टिकतो का, ते तिथे उघड होतं.

मग इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे सगळ्यांची एकत्र चाचणी. तीनशेच्या आसपास पोरं. ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळायचं. पण अंगापिंडाने थोराड, पुढच्या ओळीतल्या गड्याचे पहिले १० यार्ड वेगळे बघतात, कारण सामन्यात त्याला सलग ४० यार्ड पळायची वेळ क्वचितच येते. तुमचा चढाईवाला तरी १०० मीटर कुठे पळतो? जोराच्या मापासाठी १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलतो ते मोजतात. संघांचे डॉक्टर जुने गुडघे-खांदे तपासतात, आणि त्यात नापास झालेला चांगला पोरगाही खाली घसरतो. मुलाखतीत त्याचाच एखादा डाव पडद्यावर लावून विचारतात, इथे तुला काय दिसलं होतं?

खान्देशी_रेडर
पण भाऊ, घड्याळाला किंमत आहेच ना? २०२४ ला झेवियर वर्दीने ४० यार्डांत ४.२१ सेकंदांचा विक्रम केला आणि कॅन्सस सिटीने त्याला पहिल्याच फेरीत घेतलं.

भुसावळ_रातपाळी
आहे ना. पण त्याचा खेळ आधीच बघितलेला होता. २०१७ ला जॉन रॉसने ४.२२ काढले, सिनसिनाटीने नवव्या क्रमांकावर घेतला, आणि दुखापतींनी तो टिकला नाही. उलट टॉम ब्रेडीला २००० साली ५.२८ लागले होते. १९९ वा गेला आणि पुढे सात सुपर बाऊल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला. म्हणून आकडा डोळ्यांना पटला नाही तर परत चित्रीकरण लावायचं. शंका मिटेपर्यंत.

अमळनेरचे_सर
भाऊ, तुन्हं म्हननं पटनं. तालुक्यात चित्रीकरण कोण करणार, पण गावोगावच्या मैदानावर मी जाऊ शकतो, मोटरसायकल आहे. मोबाइलवर भाचा टिपून घेईल. एका पोराचे किती सामने बघावेत?

भुसावळ_रातपाळी
तीन तरी बघा सर. त्यातला एक तगड्या संघाविरुद्धचा, आणि जमलं तर त्याचा संघ हरलेला. मागे पडल्यावर तो पकडीला पुढे येतो की मागे सरकतो, तेवढं वहीत लिहा. आणि त्या पोराला आधी निरोप पाठवा.

अमळनेरचे_सर
काल संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आलो. सोमवारपासून सरावाला येतोय.