सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅकवर वेबसाईटवरचं औषध मारावं का?

औसा_शेती:
राम राम मंडळी. सोयाबीन पिवळं पडायलंय, चुलतभाऊ म्हणतो मोझॅक आहे. गुगलवर एक मराठी साईट सापडली, फोटो भारी, वर कुलपाचं चिन्ह पण आहे, त्यात लिहिलंय एका फवारणीत 7 दिवसात मोझॅक पूर्ण बरा, एकरी मात्रा पण दिलीय. अजून दोन साईटवर हेच आहे. भरवसा ठेवावा का? औषध लई महाग आहे.

परभणीची_ताई:
दादा आधी ऑर्डर थांबवा. मोझॅक विषाणूचा रोग आहे, पांढरी माशी पसरवते, लागलेलं झाड कुठल्याच फवारणीनं बरं होत नसतं, फवारतात ते माशीसाठी. जो ‘पूर्ण बरा’ म्हणायलाय त्याला एक तर रोग माहीत नाही नाहीतर औषध खपवायचंय. अन् कुलूप म्हणजे तुम्ही भरलेली माहिती मधे कुणी वाचत नाही एवढंच, साईटवाला खरा का खोटा ते त्यातून कळत नाही. लिहिणाऱ्याचं नाव, तारीख आहे का बघा.

काळी_माती:
तीन साईटचं म्हणाल तर त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं अवतरण चिन्हात टाकून शोधा, शब्द न् शब्द जुळला की समजा एकाचंच कॉपी पेस्ट आहे. मात्रेचं तर लई जपा भाऊ, कुणी हेक्टरचा आकडा एकराला लिहिला की अडीच पट औषध पडतं, पीक करपतं. डब्यासोबतच्या घडीपत्रकात सोयाबीनचं नाव अन् मात्रा असते, ती धरा. पत्त्याचा शेवट बघायची पण सवय लावा, डॉट गव्ह डॉट इन फक्त सरकारला मिळतं, डॉट एसी डॉट इन शिक्षणसंस्थांना, डॉट कॉम, डॉट इन कुणीबी घेतं.

औसा_शेती:
बघितलं, नाव नाही तारीख नाही, खाली नुसतं ‘आत्ताच मागवा’. पण मोझॅकच आहे हे कसं ओळखायचं?

परभणीची_ताई:
कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या अन् मधला भाग सगळा सारखा पिवळा असंल तर लोहाची कमतरता असू शकते, आपल्याकडच्या चुनखडीच्या रानात हे लई दिसतं. हिरवे-पिवळे वेडेवाकडे ठिपके असतील तर मोझॅक. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या साईटवरची माहिती ताडून बघा, नाहीतर फांदी घेऊन कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. मोझॅकच निघाला तर झाडं उपटून गाडा, बांधावर टाकू नका, अन् पिवळे चिकट सापळे लावा.